एल्डरथॉर्पमध्ये काय विचारू नये

अनघा जगदाळेला भेटून पाच मिनिटं झाली की आपण मूळचे कुठले, आपल्याला भावंडं किती आणि आपला उजवा खांदा नेमका कधीपासून दुखतो, हे सगळं तिला सांगून झालेलं असतं. सांगायचं नव्हतं, हे आपल्याला घरी गेल्यावर आठवतं. बरं, तिच्यावर रागवावं तर तेही जमत नाही, कारण ऐकलेलं ती इकडचं तिकडे करत नाही आणि कुणाच्या संसारातल्या चुका काढत बसत नाही. तिला फक्त माहीत करून घ्यायचं असतं. लोकांना भूक लागते, तसं तिला कुतूहल लागतं.

ही सवय तिला लागली असं म्हणण्यापेक्षा लावली गेली. वडील पाटबंधारे खात्यात, दर तीन वर्षांनी बदली ठरलेली. आई कमालीची बुजरी. नव्या गावात ट्रकमधून सामान उतरलं की आई उंबऱ्याच्या आत आणि नऊ वर्षांची अनघा बाहेर. दूध कोण घालतं, पिठाची गिरणी कुठे, लाईट किती वाजता जाते, समोरच्या घरातले आजोबा सारखे कुणावर ओरडतात, हे विचारून यायचं काम तिचं. संध्याकाळपर्यंत ती सगळ्या बातम्या घेऊन घरी हजर. विचारलं की माणूस परका राहत नाही, ही त्या वयात झालेली समजूत तिने आजतागायत सोडलेली नाही.

सिंगापूरला आल्यावरही तिने तेच केलं. चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या ऑफिसात नोकरी, मरीन परेडच्या एचडीबी ब्लॉकमध्ये, म्हणजे सरकारने बांधलेल्या इमारतीत, नवव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट, नवरा आणि पुढे एक मुलगी, असा चारचौघांसारखा संसार. पण मासळीबाजारातल्या टेओ अंकलच्या डाव्या करंगळीचं टोक कुठे गेलं, हे तिने पहिल्याच महिन्यात विचारलं. अंकलनी सुरी खाली ठेवली आणि दहा मिनिटं सगळी हकिगत सांगितली. शेजारच्या गाळ्यावर कोंबड्या विकणारी बाई अकरा वर्षं त्यांच्या बाजूला उभी होती. तिलाही ते त्या दिवशीच कळलं. लिफ्टमध्ये बाकीचे लोक मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभे राहतात, अनघा माणसांकडे बघते. सतरा वर्षांत त्या ब्लॉकमधला एकही मजला तिने सोडला नसेल.

नवरा मात्र अगदी दुसऱ्या टोकाचा. धैर्यशील रेल्वेच्या सिग्नल यंत्रणेतला इंजिनिअर, कामात चोख, पण रस्ता चुकला तरी कुणाला पत्ता विचारणार नाही. तुआसच्या कंपनीत तो बारा वर्षं एका सहकाऱ्याशेजारी बसला आणि त्या माणसाला मुलं किती हे त्याला माहीत नव्हतं. अनघाने ते कंपनीच्या जेवणात पहिल्या दहा मिनिटांत काढून घेतलं: तीन, त्यातली दोन जुळी. अशा वेळी टेबलाखालून धैर्यशीलचा पाय तिच्या पायावर पडायचा. "सांगायचं असेल तर लोक आपणहून सांगतात," हे त्याचं ठरलेलं वाक्य. लग्नाला एकोणीस वर्षं झाली आणि अनघाने मनाशी पक्कं केलं की या माणसाला देवाने कुतूहलच दिलेलं नाही. हे वाईट आहे असं तिला वाटत नसे. उंची कमी असते कुणाची, तसंच हे एक.

गेल्या वर्षी कंपनीने धैर्यशीलचा अख्खा विभाग बंद केला. आठ महिने तो घरी होता. अनघाच्या नोकरीच्या पासवर त्याची सिंगापुरात राहायची सोय झाली, पण रोज सकाळी बायको ऑफिसला आणि मुलगी शाळेत गेली की हा माणूस इस्त्री करत बसायचा. रुमालांनासुद्धा इस्त्री व्हायला लागली. मग इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या एका कंपनीचं पत्र आलं. फेब्रुवारीत तो एकटा पुढे गेला. घर मिळालं की अनघा आणि तेरा वर्षांच्या गार्गीने मागून जायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे ठरत गेलं. व्हिसे आले, फ्लॅटच्या मालकाला नोटीस गेली, ऑफिसला द्यायचा राजीनामा अनघाने लिहून ठेवला.

घर मात्र मिळेना. यॉर्क हे तटबंदीच्या आत वसलेलं जुनं शहर. तिथे वाटेल तशी घरं नाहीत, आणि जी आहेत त्यांवर माणसं तुटून पडलेली. धैर्यशील दोन विद्यार्थ्यांबरोबर एका घरातल्या मागच्या खोलीत राहत होता, आणि तिथे कुटुंब आणायला परवानगी नव्हती. गार्गीची शाळा सप्टेंबरात सुरू होणार, पण पत्ता असल्याशिवाय शाळेत जागा मिळेना. जुलै उजाडला तेव्हा तिघांनाही कळून चुकलं होतं की या महिन्यात घर झालं नाही तर आणखी एक वर्ष नवरा तिकडे आणि आपण इकडे. गार्गी दर रात्री बाबांना फोनवर गणितं विचारायची. ती गणितं तिला येत होती, हे अनघाला ठाऊक होतं.

तेवढ्यात एल्डरथॉर्प निघालं. यॉर्कपासून बसने पंचवीस मिनिटांवरचं लहानसं गाव. धैर्यशीलच्या ऑफिसातला एकजण तिथला होता, त्याने गावातल्या दुकानाच्या फळ्यावर लावलेल्या एका कार्डाचा फोटो काढून आणला. दोन जोडघरं, मध्ये एकच भिंत. एका घरात मालकीणबाई मिसेस डोरीन पिकरिंग, वय चौऱ्याहत्तर, दुसरं भाड्याने द्यायचं. धैर्यशील शनिवारी सायकल मारत जाऊन घर बघून आला. कसं आहे, असं अनघाने विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, "शांत आहे." गाव कसं आहे? तेही शांत. माणसं? दिसली नाहीत.

यावर अनघाचं काय समाधान होणार? दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ती संगणकावरच्या नकाशात शिरून एल्डरथॉर्पच्या रस्त्यांवरून फिरू लागली. बाण दाबला की दहा पावलं पुढे. चार दिवसांत गावातले सगळे रस्ते संपले, कारण ते तीनच होते. चौकोनी मनोऱ्याचं चर्च, त्याच्या समोर एक बाक. लाल रंगाची टेलिफोनची खोली, पण आत टेलिफोनऐवजी पुस्तकं. एका कुंपणापाशी घोडा, अंगावर रजई पांघरलेला. एका घराच्या सगळ्या खिडक्या हिरव्या आणि एकच पांढरी. ती का पांढरी? पुस्तकं कोण ठेवतं? घोड्याला रजई कशाला? त्या अख्ख्या गावात नकाशाला एकच माणूस सापडलं होतं, निळा कोट घातलेली एक बाई, चेहरा पुसून टाकलेला. अनघा दिवसातून दोनदा तिला भेटून यायची. ही कोण असेल हे तिने धैर्यशीलला विचारलं, आणि त्याने "मला काय माहीत" असं उत्तर दिलं.

मिसेस पिकरिंगना भाडेकरूचं सगळं कुटुंब बघूनच घर द्यायचं होतं, म्हणून व्हिडिओवर भेट ठरली. शनिवारी तिकडचे सकाळचे दहा, इकडचे संध्याकाळचे पाच. धैर्यशील त्यांच्या स्वयंपाकघरात त्यांच्याच शेजारी बसणार होता. आदल्या दिवशी त्याने अनघाला एक यादी पाठवली. एरवी दोन शब्दांत निरोप संपवणारा माणूस, पण ही यादी पानभर होती. वय विचारू नकोस. मुलं किती, ती कुठे असतात, भेटायला येतात का, विचारू नकोस. नवरा कशाने गेला, विचारू नकोस. आजारपण, देवधर्म, मागचे भाडेकरू का गेले, यातलं काही नको. इंग्रज लोकांना ते आवडत नाही, हवेविषयी बोल.

अनघाला राग आला. पण कुतूहलापायी घर घालवायला ती वेडी नव्हती. वर पहारा ठेवायला घरात गार्गी होती. सिंगापूरच्या शाळेत वाढलेल्या या मुलीला आईच्या चौकशांची जन्मजात लाज. कॅमेऱ्यामागे बसून ती आईच्या तोंडाकडे डोळे लावणार आणि प्रश्नचिन्ह दिसलं की हात आडवा करणार, असं ठरलं.

मिसेस पिकरिंग म्हणजे पांढऱ्या केसांच्या, रुंद खांद्यांच्या बाई निघाल्या. बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या आणि दंड एखाद्या पैलवानाचे. या वयात असे दंड कशाने? अनघाने पहिला प्रश्न गिळला. हवा कशी आहे हे बाईंनी सांगितलं: सकाळी पाऊस, आता ऊन, दुपारी कदाचित पुन्हा पाऊस. मग इकडची हवा अनघाने सांगितली. सिंगापूरची हवा कालही अशीच होती, उद्याही अशीच असेल आणि डिसेंबरातही साधारण हीच, त्यामुळे तो विषय मिनिटभरात आटोपला.

आणि मग अनघाला तो कागद दिसला. बाईंच्या डोक्यामागे भिंतीला टाचलेला भलामोठा कागद, आणि त्यावर वरपासून खालपर्यंत हाताने लिहिलेले आकडे. एक दोन तीन चार पाच सहा. त्याखाली दोन एक चार तीन सहा पाच. त्याखाली दोन चार एक सहा तीन पाच. असे पन्नास-साठ तरी ओळींत तेच सहा आकडे, जागा बदलून बदलून, आणि त्यांतून नागमोडी जाणारी एक निळी रेघ. अनघाचा जीव त्या रेघेत अडकला. बाई काय बोलत होत्या त्यातलं निम्मं तिला ऐकूच आलं नाही. तिने एकदा तोंड उघडलं, तर गार्गीचा हात आडवा झाला. पलीकडून धैर्यशीलनेही डोळे मोठे केले. वीस मिनिटं अनघा मूग गिळून बसली. तुम्हाला काही विचारायचंय का, असं शेवटी बाईंनीच म्हटलं. अनघा गोड हसली आणि म्हणाली, "नाही. सगळं छान आहे."

फोन बंद झाल्यावर गार्गीने तिला शाबासकी दिली. तो कागद कसला असेल, हे अनघाने लगेच तिलाच विचारलं. "टोटोचे नंबर्स लाह, आई," तिथल्या सवयीने वाक्याला 'लाह' जोडत गार्गी म्हणाली. सिंगापुरात सहा आकडे एका ओळीत दिसले की लॉटरीशिवाय दुसरं काही कुणाच्या डोक्यात येत नाही. पण म्हातारी बाई भिंतीवर लॉटरीचे आकडे लावून ठेवील, हे अनघाला पटेना. रात्री भात खालून लागला तरी तिचं लक्ष नव्हतं.

रविवारी दुपारी तीनला धैर्यशीलचा फोन आला. मिसेस पिकरिंग बहुधा नाही म्हणणार होत्या. यॉर्कमधल्या एका दंतवैद्य जोडप्यालाही घर हवं होतं, आणि संध्याकाळपर्यंत बाई कुणाला तरी हो म्हणणार होत्या. त्यांनी धैर्यशीलला कारणही सांगितलं होतं. ते सांगताना त्याची जीभ चाचरत होती.

"म्हणाल्या, तुझी बायको फार सभ्य आहे. पण तिला कशातच रस दिसला नाही. राहायला यायचं घर, आणि खिडकी कुठल्या दिशेला उघडते हेसुद्धा तिने विचारलं नाही. असे सभ्य भाडेकरू माझे तीन होऊन गेले."

अनघाला आधी हसू फुटलं. एकोणीस वर्षं जी खोड सोडवायला नवरा धडपडला, ती तिने आयुष्यात एकदाच, वीस मिनिटांसाठी सोडली होती, आणि तेवढ्यात घर हातचं गेलं होतं. मग तिला रडू आलं आणि त्यामागून सणसणीत राग. ती त्याला म्हणाली की तुझी यादी तुझ्याजवळ ठेव, मी आता कुणाचं ऐकणार नाही. सोफ्यावर गार्गी बसली होती. बाबांच्या आवाजावरूनच तिला सगळं कळलं होतं आणि तिचं तोंड एवढंसं झालं होतं. आईने फोन ठेवल्यावर तिने त्या कार्डाचा फोटो शोधून काढला, त्यावरचा नंबर फिरवला आणि फोन आईच्या हातात दिला.

"आस्क लाह, आई," ती म्हणाली. "एव्हरीथिंग आस्क."

पलीकडे मिसेस पिकरिंगनी फोन उचलला. अनघाने आपलं नाव सांगितलं आणि दम न खाता म्हटलं की काल मी खोटं बोलले, मला विचारायचं होतं. भिंतीवरचा तो आकड्यांचा कागद कसला?

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज, आणि बाई ज्या बोलायला लागल्या त्या बोलतच राहिल्या. ते आकडे म्हणजे चर्चच्या घंटा होत्या. मनोऱ्यात सहा घंटा, प्रत्येकीला एक आकडा, प्रत्येकीचा दोर एका माणसाच्या हातात. एल्डरथॉर्पमध्ये घंटांवर गाणं वाजवत नाहीत, क्रम वाजवतात. दर फेरीला क्रम बदलायचा आणि तोच क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही. सहा घंटांचे सातशेवीस क्रम होतात, आणि ते सगळे वाजवायला पंचवीस मिनिटं लागतात. सगळं पाठ असावं लागतं, समोर कागद ठेवायचा नाही. निळी रेघ म्हणजे एका घंटेची वाट, आपली घंटा कधी कुणाच्या मागे जाते ती. डोरीनबाई एक्केचाळीस वर्षं पाचव्या घंटेचा दोर ओढत होत्या. दंडांचा उलगडा झाला.

"मग गाव शांत कुठे आहे?" अनघाने विचारलं.

गाव शांत आहे असं कुणी सांगितलं, असं बाईंनीच उलट विचारलं. मंगळवारी संध्याकाळी सराव, रविवारी सकाळी घंटा, सुगीत पहाटेपासून ट्रॅक्टर, आणि चर्चमागच्या झाडांवर कावळ्यांची वस्ती. शांत असतात ते भाडेकरू. मागच्या हिवाळ्यात बाई नऊ दिवस तापाने पडून होत्या. भिंत एका विटेची, इकडचा खोकला तिकडे ऐकू जाणारी. पलीकडच्या नवराबायकोंनी नऊ दिवसांत एकदाही दार वाजवलं नाही. पुढे बाईंनीच विषय काढला तेव्हा ते म्हणाले, आम्हाला तुमच्या खाजगी गोष्टीत नाक खुपसायचं नव्हतं. त्यांच्याकडे बघून आपल्याला राग येण्याऐवजी भीती वाटली, असं बाई म्हणाल्या. अनघाच्या डोळ्यांसमोर धैर्यशील आला.

मग मात्र तिने वेळ घालवला नाही. पांढरी खिडकी का? तिथल्या दोन भावांचं रंगावरून भांडण झालं आणि धाकट्याच्या वाट्याला ती एकच खिडकी आली. घोड्याला रजई? म्हातारा आहे, पाठीला गारवा सोसत नाही. निळा कोट? ती जॅनेट, टेलिफोनच्या खोलीत पुस्तकं ठेवणारी तीच, आता लेकीकडे राहायला गेली. तुमची मुलं कुठे असतात? एक मुलगा, कॅनडात, नाताळला येतो म्हणतो आणि येत नाही. नवरा कशाने गेला? बाईंनी तेही सांगितलं, सावकाश, मध्ये थांबत, आणि अनघाने मध्ये एकही शब्द घातला नाही. विचारणारे पुष्कळ असतात. अनघाला विचारल्यावर ऐकताही येतं, आणि तेच बहुधा तिच्या नवऱ्याच्या एकोणीस वर्षांत ध्यानात आलं नव्हतं.

चाळीस मिनिटं झाली. गार्गीने दोनदा पाण्याचा पेला आणून दिला. आता पाळी बाईंची होती, आणि बाई काही कमी नव्हत्या. लग्न कुणी जमवलं? मुलगी एकच का? नवरा एवढा गप्प का, घरीही असाच असतो का? बँकेत नेमकं काय करतेस, आणि इकडे आल्यावर काय करशील? ते अजून माहीत नाही, नोकरी सोडावी लागेल, असं अनघाने सांगितलं.

"आणि तुला यायचंय का?" बाईंनी विचारलं.

अनघा फोन कानाशी धरून खिडकीपाशी गेली. खाली ब्लॉकचं अंगण दिसत होतं. रोजचे दोन म्हातारे बुद्धिबळ घेऊन बसले होते. त्यांच्यातल्या डाव्या हाताच्या आजोबांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं, आणि ते कसं झालं हे विचारायला ती इथे नसणार होती. चौदा वर्षांची नोकरी, टेओ अंकल, नवव्या मजल्यावरचं घर, लिफ्टमध्ये जमवलेली सगळी माणसं. जायचं की नाही हे कुणी तिला विचारलं नव्हतं, कारण तो प्रश्न आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. नवऱ्याला नोकरी लागली की घर त्याच्यामागे जातं, एवढं सरळ होतं ते. जगाला विचारत सुटलेल्या या बाईने स्वतःलासुद्धा ते विचारलं नव्हतं, आणि हे लक्षात आल्यावर तिला अगदी पोरकं वाटलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"मग माहीत करून घे. बुधवारपर्यंत मी त्या दंतवैद्यांना हो म्हणत नाही," असं सांगून डोरीनबाईंनी फोन ठेवला.

अनघाने लगेच धैर्यशीलला फोन लावला. गार्गीला तिने खाली पोळ्यांसाठी कणीक आणायला पाठवलं. घरात कणीक होती, पण हे बोलणं मुलीसमोर नको होतं. बाई बुधवारपर्यंत थांबणार आहेत हे ऐकून त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. मग तिने बाईंचा शेवटचा प्रश्न सांगितला आणि आपलं उत्तरही.

"तू कधीच विचारलं नाहीस मला," ती म्हणाली. तिला आवाज चढवायचा होता, पण तो चढला नाही.

पलीकडे त्या विद्यार्थ्यांच्या घरात कुणीतरी जिन्यावरून धाडधाड उतरलं.

"नाही विचारलं," धैर्यशील म्हणाला. "तू नाही म्हणाली असतीस तर मी काय करणार होतो? आठ महिने घरी बसलो होतो, अनघा. दुसरी नोकरी नव्हती. म्हणून नाही विचारलं. मी कुणालाच विचारत नाही, कारण समोरचा खरं सांगेल अशी मला भीती वाटते."

अनघा स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली. या माणसाला कुतूहलच नाही, असं ती एकोणीस वर्षं धरून चालली होती. जगातल्या प्रत्येकाला खोदून खोदून विचारलं, आणि तू का विचारत नाहीस, हे तिने या एकालाच कधी विचारलं नव्हतं. त्याला भीती वाटते हे तिला मासळीवाल्याच्या करंगळीइतकंसुद्धा माहीत नव्हतं. तिला त्याची फार दया आली, आणि स्वतःचाही थोडा राग आला.

"मग आता विचार," ती म्हणाली.

तो खाकरला. "येशील?"

आपल्या तोंडून उत्तर लगेच येईल असं तिला वाटलं होतं, पण ते यायला वेळ लागला. धैर्यशील तेवढा वेळ थांबला, मध्ये घाईने काही भरायला गेला नाही, हे तिने मनात टिपून ठेवलं.

"येईन," ती म्हणाली. "मला तुझ्याबरोबर राहायचंय, आणि गार्गीलाही. पण इथून निघताना मला फार वाईट वाटणार आहे, धैर्यशील. तिकडे आल्यावरही पुष्कळ दिवस वाटेल. मी ते आपणहून सांगणार नाही. तू विचारायचंस, आणि रोज विचारायचंस."

बरं, म्हणाला तो. या माणसाच्या 'बरं'वर किती विसंबायचं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. त्यामुळे तिने फारशी आशा धरली नाही. सोमवारी सकाळी तिने डोरीनबाईंसाठी होकाराचा निरोप ठेवला, राजीनाम्यावर तारीख घातली आणि तो साहेबाच्या टेबलावर ठेवून आली. जागेवर परतल्यावर तिला कशातच लक्ष लागेना.

दुपारी तीन वाजता फोन वाजला. यॉर्कमध्ये तेव्हा सकाळचे आठ, म्हणजे तो बसथांब्यावर असणार. एकोणीस वर्षांत त्याने ऑफिसच्या वेळात तिला कामाशिवाय फोन केला नव्हता.

"आज किती वाईट वाटतंय?" धैर्यशीलने विचारलं.

अनघा उठली, रिकाम्या मीटिंग रूममध्ये गेली, दार लावून घेतलं आणि त्याला सांगायला बसली. त्याची पहिली बस गेली. दुसरीही गेली.